फिरत्या वाहनाचे डिझेल एंजिन आणि जादा मापके

बऱ्हाणपूर शहर तापी नदीच्या काठी वसले आहे. तेथून खांडव्याकडे जाणारा रस्ता केळीच्या मळ्यांचा सपाट प्रदेश सोडून सातपुड्याच्या रांगेत शिरतो आणि सुमारे २० किलोमीटरवर अशीरगड किल्ल्याच्या पायथ्याशी येतो. उन्हाळ्यात या भागात हवेचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. भरलेल्या वाहनाच्या डिझेल एंजिनाची खरी परीक्षा अशा चढावर आणि अशा उन्हातच होते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. निवासाची सोय असलेली मोटारगाडी, फिरता दवाखाना व फिरते ग्रंथालय ही एकाच जातीची वाहने होत. मालमोटार माल उतरवून रिकामी परतते. या वाहनातील खाटा, कपाटे, पाण्याची टाकी व जादा बॅटऱ्या मात्र कधीच उतरत नाहीत. त्यामुळे एंजिनावरील भार कायम राहतो. उंच सांगाड्यामुळे वाऱ्याचा विरोधही वाढतो.

दिवा पुरेसा का नाही?

अनेक वाहनांत धोक्याची सूचना देण्यासाठी केवळ तांबडा दिवा असतो. तो लागतो तेव्हा बिघाड बहुधा पुढच्या टप्प्यात गेलेला असतो. काट्याचे मापक मात्र बदल होत असतानाच दाखविते. बऱ्हाणपूर येथे १६१५ च्या सुमारास बांधलेल्या कुंडी भंडाऱ्याच्या भुयारी कालव्यावर ठरावीक अंतराने कुंड्या आहेत. कालवा न खणता आतील पाणी त्यांतून पाहता येते. एंजिन न उघडता त्याच्या आत डोकावण्याची अशीच सोय मापके करून देतात.

चार उपयुक्त मापके

पहिले मापक पाण्याच्या तापमानाचे. चालू एंजिनात ते साधारणपणे ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान असते. रेडिएटरची जाळी धूळ किंवा कापसाच्या तंतूंनी बुजली, अथवा पंख्याचा पट्टा सैल झाला, की काटा वर सरकू लागतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाणी गळून गेल्यास संवेदक कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. म्हणून पाण्याची पातळी रोज सकाळी, एंजिन थंड असताना, स्वतः पाहावी.

दुसरे मापक वंगण तेलाच्या दाबाचे. थंड तेल घट्ट असल्याने आरंभी दाब अधिक असतो. तेल तापल्यावर तो उतरतो. एंजिन सुस्थितीत असताना मंद गतीला व नेहमीच्या वेगाला किती दाब असतो याची नोंद केल्यास पुढे होणारी घट तत्काळ कळते. दाब एकाएकी पडल्यास वाहन सुरक्षित जागी थांबवून एंजिन त्वरित बंद करावे.

तिसरे मापक एंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या तापमानाचे. डिझेल एंजिनात इंधन जितके जास्त आणि हवा जितकी कमी, तितकी उष्णता अधिक. पाण्याचे तापमान सावकाश वाढते. या वायूचे तापमान काही सेकंदांत वाढते. त्यामुळे चढावरील अतिभाराची वार्ता सर्वांत आधी हेच मापक देते. जुन्या धर्तीच्या टर्बो एंजिनात टर्बोच्या अलीकडे मोजलेले तापमान दीर्घकाळ ७०० अंशांच्या वर राहणे धोक्याचे समजले जाते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, हे लक्षात घेतले म्हणजे पिस्टनला असलेला धोका समजेल. अशा वेळी ॲक्सिलरेटर सैल करून खालचा गिअर घालावा. टर्बोच्या पलीकडे मोजलेले तापमान बरेच कमी दिसते. म्हणून संवेदक कोठे बसविला आहे हे चालकास ठाऊक असावे.

चौथे मापक टर्बोच्या हवेच्या दाबाचे. हा दाब नेहमीपेक्षा कमी आणि वायूचे तापमान मात्र जास्त, असे आढळल्यास हवेची नळी फुटली किंवा हवेची गाळणी तुंबली असण्याचा संभव असतो. दोन्ही काटे एकत्र वाचले म्हणजे दोषाचे स्थान लवकर सापडते.

चालकाने घ्यावयाची दक्षता

पाणी फार तापल्यास वाहन बाजूला घ्यावे. पाणी शिल्लक असून तेलाचा दाब ठीक असेल, तर एंजिन काही मिनिटे भाराविना चालू ठेवावे, म्हणजे उष्णता बाहेर पडते. पाणी गळाले असल्यास ते लगेच बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाबाखालील पाणी उसळून अंग भाजते. चढ संपताच थांबावयाचे झाल्यास टर्बोसाठी एंजिन दोन-तीन मिनिटे मंद गतीवर ठेवून मगच बंद करावे.

एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकाच्या वाहनांत बहुतेक संवेदक मूळचेच असतात. त्यांची माहिती निदान-जोडणीला यंत्र लावून वाचता येते. तारा कापण्याची गरज नसते. या वाहनांतील काजळीची गाळणी स्वतःला जाळून स्वच्छ करते, तेव्हा धुराच्या नळीतील तापमान काही काळ आपोआप चढते. तो दोष समजू नये. मात्र त्या वेळी वाहन वाळलेल्या गवतावर उभे करू नये. जुन्या वाहनांत तेलाच्या दाबाची जोडणी माहीतगार मिस्त्रीकडूनच करून घ्यावी. सैल जोड गळाल्यास तेल तप्त भागावर पडून आग लागू शकते.

मापके बसविली आणि पाहिली नाहीत, तर खर्च वाया जातो. प्रत्येक वाहनात एक नोंदवही ठेवून ठरावीक चढावर, ठरावीक गिअरमध्ये चारही काट्यांची स्थिती आठवड्यातून एकदा लिहावी. महिन्याभराच्या नोंदी शेजारी ठेवल्या की हळूहळू वाढणारा दोष दिसतो आणि गाळणी किंवा पट्टा वेळीच बदलता येतो. सातपुड्यातील दूरच्या पाड्यावर फिरता दवाखाना ठरल्या दिवशी पोहोचला नाही, तर रुग्णांना पुढच्या फेरीपर्यंत थांबावे लागते. त्यांची ही खोटी टाळणे, हा या नोंदवहीचा मुख्य लाभ होय.