जीववैद्यकीय अभियांत्रिकी आणि सीमाभागाचे आरोग्य : श्वासमापकाचे उदाहरण

प्रस्तावना : अभियांत्रिकीचे ज्ञान रोगनिदान व उपचारासाठी उपयोगात आणणारी शाखा म्हणजे जीववैद्यकीय अभियांत्रिकी होय. ईसीजी, डायलिसिस यंत्र, पेसमेकर ही तिची परिचित उदाहरणे. परंतु वांकिडीसारख्या सीमाभागात (पूर्वीचा आदिलाबाद, २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्हा) आणखी एक प्रश्न महत्त्वाचा ठरतो : उपकरण कोणाच्या हाती चालणार आहे? शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील एक संशोधन या दृष्टीने अभ्यासनीय आहे.

समस्या : न्यूमोनियात बालकाचा श्वास जलद होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार दोन महिन्यांखालील अर्भकात मिनिटाला ६० वा अधिक आणि दोन महिने ते एक वर्ष वयात ५० वा अधिक श्वास हे धोक्याचे लक्षण मानले जाते. म्हणजे प्राथमिक निदानास घड्याळ व मोजणी पुरेशी आहे. मात्र गावातील निरक्षर दायांना या दोन्ही गोष्टी कठीण होत्या.

रचना : डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने यासाठी श्वासमापक तयार केला. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि दोन वयोगटांसाठी मण्यांच्या दोन ओळी असतात. दर दहा श्वासांनंतर एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनियाची शंका घ्यावयाची. दहापर्यंत मोजता येणे एवढीच पूर्वअट.

फलश्रुती : गावपातळीवर निदान व प्रतिजैविक उपचार करण्याच्या ‘सर्च’च्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगातील गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी आढळले. हे यश केवळ उपकरणाचे नव्हे. प्रशिक्षण, औषध व लोकशिक्षण यांचाही त्यात वाटा आहे.

निष्कर्ष : वांकिडी परिसरात तेलुगू, मराठी, उर्दू व गोंडी बोलणारी घरे आहेत. मण्याला लिपी लागत नाही, हे येथे विशेष मोलाचे. आयआयटी मुंबईत २०१४ मध्ये स्थापन झालेल्या ‘बेटिक’ केंद्रातही डॉक्टर व अभियंते एकत्र येऊन प्रत्यक्ष गरजेपासून उपकरणाचा विचार करतात. महाविद्यालयीन शिक्षकांनी विद्यार्थ्यांना प्रकल्प देताना हाच क्रम ठेवावा. प्रथम आशा कार्यकर्तीला तिची अडचण विचारावी, उपकरणाचा आराखडा त्यानंतर. संशोधन प्रयोगशाळेत पूर्ण होत असले तरी त्याची खरी परीक्षा गावातच होते.