भूल उतरली, घसा का दुखतो?
जिवतीच्या डोंगरावरून मोठ्या ऑपरेशनसाठी बहुतेकांना खाली चंद्रपूर गाठावं लागतं. तिथे पूर्ण भूल देताना बहुधा श्वासनलिकेत नळी घालतात, तिनेच घसा सोलवटतो. नळी बेताच्या जाडीची घेतली आणि तिच्या फुग्याचा दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटर उंचीइतकाच ठेवला, तर त्रास कमी. भूल देण्याआधी ज्येष्ठमधाच्या पाण्याच्या गुळण्यांचाही उपयोग दिसला आहे. पण डॉक्टर म्हणाले तरच.

आपल्याकडे खरी अडचण खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची. सुपारीने जबडा आखडून तोंडात दोन बोटंही जाईनाशी झाली, की नळी घालताना खटपट वाढते. भूलतज्ज्ञांना हे आधीच सांगा, लाजू नका. दुखणं बहुधा दोन-तीन दिवसांत जातं. आवाज आठवडाभर बसलेलाच राहिला तर दाखवा. श्वास घ्यायला त्रास झाला तर लगेच.