हळदीचा साबण घरच्या घरी

जालन्याच्या बाजारात हळद हवी तेवढी मिळते. परंतु हळदीने साबण होत नाही. साबण होतो तो तेल व कॉस्टिक सोडा यांच्या संयोगाने. हळद त्यात केवळ रंगापुरती पाहुणी.

प्रमाण असे: खोबरेल 500 ग्रॅम, सोडा 87 ग्रॅम, पाणी 175 ग्रॅम, हळद चहाचा एक चमचा. मापे वाटीने नव्हे, तराजूने घ्यावीत. इतक्या तेलास सुमारे 91 ग्रॅम सोडा पुरता लागतो; तो थोडा कमी घेतल्याने तेल शिल्लक राहते. सोडा शिल्लक राहिला, तर साबण कातडी भाजतो.

थंडीत खोबरेल गोठते. ते प्रथम कोमट करावे. हातमोजे व चष्मा घालून, मुलांना दूर ठेवून, सोडा पाण्यात टाकावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, ते उसळते. भांडे स्टेनलेस स्टीलचे असावे. ॲल्युमिनियमला सोडा खातो. शिंतोडा उडाल्यास वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवावे.

द्रावण कोमट झाल्यावर तेलात मिसळून, रवीची रेघ वर उमटून राहीपर्यंत घुसळावे. मग हळद घालून साच्यात ओतावे. ती तांबूस झाल्यास दचकू नये. चुना लागताच हळद लाल होते, तीही याच क्षारधर्मामुळे. दालचिनी व लवंग मात्र टाळावी. नाजूक त्वचेस ती झोंबतात.

घट्ट होताच, ठिसूळ होण्यापूर्वी, वड्या पाडून 4 ते 6 आठवडे वाऱ्यावर सुकवाव्यात. तोवर त्या वापरण्याची घाई करू नये.