शैलीपत्रकातील निंदण

अमरावती व अकोला या जिल्ह्यांची शासकीय माहिती आता संकेतस्थळांवर उपलब्ध असते. संकेतस्थळाच्या पानावरील अक्षरांचा आकार, रंग व मांडणी ठरविणारे नियम 'शैलीपत्रक' या स्वतंत्र धारिकेत लिहिलेले असतात. हाकोन वियम ली यांनी १९९४ साली सुचविलेली ही पद्धत १९९६ साली प्रमाणित झाली.

कालांतराने पानांची रचना बदलते, जुने तक्ते काढले जातात. त्यांचे नियम मात्र शैलीपत्रकात तसेच राहतात. हे पत्रक पूर्ण उतरवून वाचल्याखेरीज न्याहाळक सहसा पान दाखवीत नाही. धारणी व चिखलदरा या मेळघाटातील तालुक्यांत ज्या गावी मोबाईलचा संपर्क क्षीण असतो, तेथील नागरिकास या ओझ्याची झळ प्रथम बसते.

असे नियम शोधण्यासाठी क्रोम न्याहाळकात २०१७ पासून 'कव्हरेज' ही सोय आहे. उघडलेल्या पानासाठी कोणते नियम वापरले गेले व कोणते नाही, हे ती दाखविते. परंतु येथे न लागलेला नियम दुसऱ्या पानावर, अर्ज चुकल्यावर अथवा छपाईच्या वेळी लागू शकतो. यास्तव सर्व पाने तपासावीत, अर्ज भरून पाहावेत, मूळ प्रत जतन करावी आणि मगच नियम वगळावेत.

कपाशीचे निंदण करताना रोप उपटले जाऊ नये, याची दक्षता वऱ्हाडातील शेतकरी घेतोच. येथेही तीच दक्षता हवी.