शिकलेलं मूल पुन्हा चड्डी ओली करतं तेव्हा

मालाडमध्ये पुनर्विकासासाठी चाळी रिकाम्या होतात, कुटुंबं भाड्याच्या फ्लॅटमध्ये जातात. तिथे गेल्यावर कालपर्यंत ‘आई, शू’ म्हणून सांगणारं तीन वर्षांचं मूल पुन्हा चड्डी ओली करू लागतं. घरचे हवालदिल होतात. खरं तर अशा वेळी मुलाला रागावण्याऐवजी कारण शोधायला हवं.

गैरसमज : मूल मुद्दाम करतं.
वस्तुस्थिती : घर बदललं, धाकटं भावंड आलं, प्लेग्रुप सुरू झाला किंवा आजारपण आलं की नवी सवय सुटू शकते. घडी बसली की बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात. ओरडलं, तर मूल शी-शू दाबून ठेवतं किंवा पडद्यामागे जाऊन करतं. “ओली झाली? चल, बदलू. पुढच्या वेळी सांग हं,” एवढं पुरे.

गैरसमज : आमच्या वेळी मुलं वर्षाच्या आत शिकायची.
वस्तुस्थिती : आजी बाळाला पायांवर बसवून ‘श्शूऽऽ’ करायची. ती पद्धत चांगलीच, पण त्यात वेळ आजी ओळखायची. मुलाला स्वतः कळून थांबवता येणं साधारण दीड वर्षानंतर हळूहळू जमतं. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन यांनी 1962 साली 1,170 मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यात दिवसाची सवय लागण्याचं सरासरी वय साडेअठ्ठावीस महिने होतं.

गैरसमज : चड्डीला पातळ शी लागते, म्हणजे जुलाबच.
वस्तुस्थिती : अनेकदा हे बद्धकोष्ठ असतं. एकदा खडा होऊन दुखलं की मूल शी रोखतं, ती आणखी कडक होते आणि तिच्या कडेने पातळ शी झिरपते. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, मग शूही सुटते. चाळीत उकिडवं बसणाऱ्या मुलाचे पाय कमोडवर लोंबकळतात, त्याला जोर लावता येत नाही. फ्लशच्या आवाजाचीही भीती वाटते. पायांखाली पाट द्या, मूल उतरल्यावरच फ्लश करा. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवा. आतडी तेव्हा जास्त हलतात. पपई, भाज्या, डाळी वाढवा.

गैरसमज : पाणी कमी पाजलं की प्रश्न सुटतो.
वस्तुस्थिती : त्याने शी आणखी कडक होते आणि दाट लघवी मूत्राशयाला त्रास देते. दिवसभर पुरेसं पाणी द्या.

गैरसमज : दिवसा जमतं, मग रात्रीही जमायलाच हवं.
वस्तुस्थिती : रात्रीचा ताबा शरीराच्या वाढीबरोबर येतो. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं डॉक्टर आजार मानत नाहीत.

लघवीला जळजळ, ताप, सारखी तहान, शीतून रक्त असेल किंवा आठवडे उलटूनही फरक नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. एरवी जास्तीच्या दोन चड्ड्या पिशवीत ठेवा आणि धीर धरा. नव्या घरात तुम्हालाही दिव्याची बटणं चाचपडावी लागतात. मुलाला तर अख्खा संडासच नवा आहे.