एक ड्रायव्हर, अनेक माऊस
आपण संगणकाला कोणत्याही कंपनीचा साधा यूएसबी माऊस जोडतो आणि तो लगेच चालू लागतो. असे का? उपकरण आणि संगणक यांच्यातील दुभाषा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. डॉसच्या काळी प्रत्येक प्रोग्रॅमला निरनिराळ्या प्रिंटरांसाठी स्वतःचे वेगळे ड्रायव्हर बाळगावे लागत. १९९६ साली आलेल्या यूएसबी पद्धतीत माऊस जोडताच 'मला इतकी बटणे आहेत, हालचाल अशी कळवीन' हे ठरावीक साच्यात सांगतो. म्हणून एकच सामाईक ड्रायव्हर पुरतो. त्यातली चूक एकदा सुधारली, की सर्वांचे काम होते.

पण एखादे उपकरण स्वतःबद्दल चुकीचेच सांगत असेल तर? लिनक्समध्ये सामाईक भाग तसाच ठेवून त्या उपकरणापुरती छोटी दुरुस्ती जोडतात. सगळे नव्याने लिहिण्याआधी आपणही विचारावे : यात खरोखर वेगळे काय? तेवढेच लिहावे.