उंदराचे पोट की काचेचे पात्र?

शरीरात शिरलेल्या परक्या द्रव्याला नेमके ओळखून चिकटणारी प्रतिपिंडे रक्तात अनेक जातींची, सरमिसळ असतात. त्यांपैकी एकच जात हवी तेवढी मिळवावी कशी, हा पेच १९७५ साली केंब्रिज येथे सीझर मिलस्टाइन व जॉर्जेस कोलर यांनी सोडविला. उंदराच्या प्लीहेतील पेशी प्रतिपिंडे बनविते, पण शरीराबाहेर फार काळ जगत नाही. कर्कपेशी मात्र वाढतच राहते. या दोहोंच्या संकरातून ‘हायब्रिडोमा’ जन्मास आला. एकीची विद्या, दुसरीचे आयुष्य! १९८४ साली नील्स येर्ने यांच्यासमवेत दोघांना नोबेल पारितोषिक लाभले. मूळ तंत्राचे पेटंट घेतले गेले नाही. ते जगभर पसरले. गर्भधारणेच्या साध्या चाचणीपासून कर्करोगावरील औषधांपर्यंत त्याची फळे आज दिसतात.

या यशाला दुःखाची एक किनारही आहे. संकरित पेशी वाढविण्याचे सोपे पात्र म्हणून उंदराचे पोटच वापरले गेले. आधी पोटात क्षोभक तेल टोचावयाचे, मग त्या पेशी सोडावयाच्या. एकदोन आठवड्यांत जलोदर होऊन पोट फुगते आणि सुईने द्रव काढला जातो. त्यात प्रतिपिंडे विपुल असतात. परंतु त्या मुक्या जिवाला हालचाल आणि श्वासही जड होतो.

रुग्णाच्या प्राणापुढे उंदराची काय मातब्बरी, असा युक्तिवाद केला जातो. तो वरवर बिनतोड वाटतो. परंतु येथे तुलना उंदीर आणि रुग्ण यांची नाहीच. रुग्णाला दिली जाणारी औषधे कारखान्यांतील मोठ्या संवर्धनपात्रांत तयार होतात. तुलना आहे ती उंदराचे पोट आणि काचेचे पात्र यांची. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीनेही १९९९ साली हाच कौल दिला. काही हट्टी पेशी पात्रात वाढत नाहीत, म्हणून सरसकट बंदी नको. पण स्पष्ट कारण नसेल तेथे पेशीसंवर्धन हाच नित्याचा मार्ग असावा, असे तिने सांगितले. ग्रेगरी विंटर यांना २०१८ साली नोबेल मिळाले ते विषाणूंच्या साहाय्याने प्रतिपिंडे घडविण्याच्या कार्याबद्दल. तेव्हा आरंभीच्या टप्प्यावरही उंदीर अपरिहार्य उरलेला नाही.

गरज म्हणून दिलेली वेदना विज्ञानाला कदाचित क्षम्य ठरेल. केवळ थोडा खर्च आणि थोडे श्रम वाचावेत म्हणून दिलेल्या वेदनेला मात्र गरजेचे नाव देता येणार नाही.